पाव मैल

रात्री साडेदहाला आम्ही गाडी ढकलतो.
मी दाराशी, एक हात स्टिअरिंगवर,
मागे डिकीला खांदा लावून वॉचमन रामअशीष.
इंजिन चालू करायचं ते गेटबाहेर, पिंपळ ओलांडल्यावर,
कारण तळमजल्यावरच्या ताम्हनकरांनी सोसायटीला लेखी दिलंय
की या सायलेन्सरने त्यांची तावदानं वाजतात.
वाजतात. खरं आहे.
शर्यतीला निघालेली गाडी
आधी वीस पावलं माणसांच्या जोरावर चालते.

एस्टीम, अठ्ठ्याण्णवची. रंग, कागदोपत्री, रुपेरी.
पोटात बलेनोचं इंजिन, कुर्ल्याच्या भंगारातून
इस्माईलभाईंनी कान लावून निवडलेलं.
डोळे मिटून बराच वेळ ऐकलं त्यांनी,
मग म्हणाले, "ये झूठ नहीं बोलता,"
आणि घासाघीस करायला मला पुढे ढकललं.

वजन काढलं : स्टेपनी, जॅक, पायपुसणी,
डिकीतली छत्री, कुणाच्या तरी मुंजीतला नारळ.
मागची सीट आमच्या गॅलरीत आहे, भिंतीला टेकवून,
तिच्यावर मांडी घालून शर्वाणी भूगोल पाठ करते.
कधी कधी बेल्ट लावून.
डॅशबोर्डवरचा गणपती तेवढा राहिला.
इस्माईलभाईच म्हणाले, इनका वजन नहीं गिनते.

फ्रीवेवर सगळे मला मागे टाकतात.
फुलं लावलेली इनोव्हा, एअरपोर्टच्या टॅक्स्या,
एक तर फोनवर बोलत होता.
मी साठवर. क्लच जपायचा असतो.

शिवडीत गोदामांमागे, परवानगीच्या शिक्क्यासह,
चुन्याने आखलेला पाव मैल.
चारशे दोन मीटर.
एवढ्या अंतरावरून मी रोज दूध आणतो.
खाडीचा चिखल, जळलेलं रबर, भुर्जीवाल्याचा कांदा,
आणि माइकवरचा मुलगा माझं आडनाव
तिसऱ्यांदा वेगळंच उच्चारतो.

पायात जुने कॅनव्हास, तळ झिजलेले,
म्हणजे पेडल अंगठ्याला कळतं.
शेजारच्या लेनमध्ये पांढरी पोलो,
आत मरोळचा ऑरिन, वय असेल बावीस,
माझ्याकडे बघून त्याने मान लववली,
काकांना लववतात तशी.

पिवळा.
पिवळा.
तिसऱ्या पिवळ्याला
माझ्या बरगड्यांत चार हजार आरपीएम, आणि ऐकू काहीच येत नाही,

हिरवा होईस्तोवर पोलो गेलेली होती.
पहिला, दुसरा, गिअर बसताना मनगटातून कळ,
तिसरा, सगळा पाव मैल समोर
तिचे दोन लाल दिवे, बारीक होत गेलेले.
एकदाही जवळ आले नाहीत.

परत येताना चिठ्ठी मिळाली : १५.९४.
माझी आजवरची सर्वांत चांगली वेळ.
खाली शिक्का : विजयी.
तो आधी सुटला होता, हिरव्याच्या आधी,
डोळ्याची पापणी लवते त्याच्याही निम्म्याने.

ऑरिन आला. हात मिळवला. "बॉनेट उघडणार का अंकल?"
आम्ही दोघं वाकून बघत राहिलो तापलेल्या लोखंडाकडे.
मी त्याला होस दाखवले, कुठला कुठून आणला ते.
शर्यतीबद्दल तो बोलला नाही, मीही नाही.
मग त्याने भुर्जी मागवली. पैसे मला देऊ दिले नाहीत.

तीनला परतलो. पिंपळाशी इंजिन बंद केलं,
उतारावरून गाडी आपणहून आत आली,
रामअशीष स्टुलावर झोपलेला, गेट उघडंच.

सकाळी विभा म्हणाली, सीट बसव आधी,
डोंबिवलीला साखरपुडा आहे, पाच जण आहोत.
शर्वाणीने एका बाजूने धरली, मी दुसऱ्या.
दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिने विचारलं,
"जिंकलास?"
म्हटलं, "चिठ्ठीवर तसं आहे."
"म्हणजे?"
"सांभाळ, भिंत घासतेय."